कमी चालणाऱ्या स्पोर्ट्स कारसाठी नवे टायर कसे निवडावेत

वर्षाकाठी हजार-दोन हजार किलोमीटरच चालणाऱ्या स्पोर्ट्स कारचे टायर बहुधा नव्यासारखेच दिसतात. नक्षीच्या खाचा खोल असतात, बाजूची अक्षरे ठळक असतात, काळेपणाही टिकून असतो, आणि म्हणूनच ते बदलण्याचा विचार मालकाच्या मनात येत नाही. टायर घासून गोटा झाला की बदलायचा, हा रोजच्या गाडीचा हिशेब बहुतेकांच्या अंगवळणी पडलेला असतो. क्वचित बाहेर पडणाऱ्या गाडीला तो लागू पडत नाही, कारण तिचे टायर घासण्याआधीच म्हातारे होतात. एवढी एक गोष्ट नीट ध्यानात घेतली की निवडीचे जवळजवळ सगळे निकष बदलतात. टायर किती किलोमीटर टिकेल हा प्रश्न मागे पडतो आणि तो कधी बनला, थंड असताना कसा वागतो, ओल्या रस्त्याला किती धरतो, हे प्रश्न पुढे येतात.

हा धोका किती खरा आहे याचे एक उदाहरण सर्वांना ठाऊक असलेल्या अपघातात सापडते. ३० नोव्हेंबर २०१३ रोजी कॅलिफोर्नियातील सांता क्लॅरिटा येथे अभिनेता पॉल वॉकर आणि गाडी चालवणारा त्याचा मित्र पोर्शे कॅरेरा जीटीच्या अपघातात मरण पावले. तपास यंत्रणेने त्या परिस्थितीत असुरक्षित असलेला वेग, म्हणजे ताशी सुमारे १३० ते १५० किलोमीटर, हे कारण ठरवले. त्याच अहवालात गाडीचे टायर नऊ वर्षांचे असल्याची नोंद असून त्यामुळे गाडीच्या वागण्यावर परिणाम झाला असावा असेही म्हटले आहे. दोष वेगाचा होता हे खरेच. पण नऊ वर्षांच्या रबराकडून त्या वेगाला साथ मिळण्याची अपेक्षा कोणी करू नये.

टायर उभ्या-उभ्या का खराब होतो

रबरावर दोन बाजूंनी हल्ला होत असतो. टायरमध्ये दाबाखाली भरलेल्या हवेतला प्राणवायू आतून बाहेर झिरपत राहतो आणि जाता-जाता नक्षीखाली असलेल्या पोलादी पट्ट्यांच्या कडांजवळचे रबर कडक व ठिसूळ करतो. बाहेरून ओझोन आणि सूर्यप्रकाशातले अतिनील किरण पृष्ठभागाला तडे पाडतात. टायर बनवताना रबरात ओझोनपासून बचाव करणारी मेणे आणि रसायने मिसळलेली असतात. टायर फिरताना रबर सतत दबते आणि ताणले जाते, आणि त्या हालचालीमुळे ही द्रव्ये हळूहळू पृष्ठभागावर येऊन त्यावर एक पातळ थर धरून राहतात. गाडी महिनोन्‌महिने एका जागी उभी असली की हे झिरपणे मंदावते. त्यामुळे 'गाडी चालवली नाही, म्हणजे टायर जपले गेले' ही समजूत अर्धीच खरी आहे: नक्षी जपली जाते, रबर जपले जात नाही.

उष्णतेने हे सगळे वेगाने घडते. तापमान दर १० अंशांनी वाढले की रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, हा ढोबळ नियम इथेही उपयोगी पडतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने एका मोठ्या विमा कंपनीचे २००२ ते २००६ या काळातले दावे तपासले, तेव्हा टायरसंबंधीचे ७७ टक्के दावे पाच उष्ण राज्यांतून आलेले दिसले, आणि त्यांतले ८४ टक्के टायर सहा वर्षांहून जुने होते. म्हणजे तापणाऱ्या पत्र्याच्या शेडमध्ये उभ्या असलेल्या गाडीचे आणि थंड, अंधाऱ्या गॅरेजमधल्या गाडीचे वय एकाच फूटपट्टीने मोजता येत नाही.

पहिले काम: सध्याचे टायर वाचणे

टायरच्या बाजूवर 'डीओटी' या अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते आणि तिच्या शेवटी लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आकडे वर्षातला आठवडा सांगतात आणि पुढचे दोन वर्ष. '२३१९' असे लिहिले असेल तर टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. शेवटी फक्त तीनच आकडे दिसले तर टायर २००० सालापूर्वीचा आहे आणि त्यावर अधिक विचार करण्याची गरज नाही. बऱ्याच टायरवर ही पूर्ण ओळ एकाच बाजूला छापलेली असते आणि बसवताना ती बाजू आत गेलेली असू शकते. पुढची चाके पूर्ण वळवून, टॉर्च घेऊन आतल्या बाजूने पाहिले की ती सापडते. मागच्या चाकांसाठी गाडी लिफ्टवर घ्यावी लागते. चारही टायरचे आकडे वेगवेगळे वाचावेत, कारण मधल्या काळात एखादा टायर एकटाच बदललेला असतो आणि जुनी गाडी विकत घेतलेली असेल तर त्याचा पत्ताही नसतो.

वयाची मर्यादा किती, याबाबत एकमत नाही. मिशेलिन आणि कॉन्टिनेन्टलसारखे उत्पादक पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी करून घ्यावी आणि उत्पादनाच्या तारखेपासून दहा वर्षे झाल्यावर, कितीही चांगला दिसत असला तरी, टायर काढून टाकावा असे सांगतात. अनेक वाहन उत्पादक सहा वर्षांची मर्यादा सुचवतात. माझ्या मते दहा वर्षे ही मर्यादा शांतपणे चालणाऱ्या साध्या गाडीसाठी आहे. वेगवान गाडीसाठी सहा वर्षे हा शेवट मानावा, आणि गाडी उष्ण हवेत उभी राहत असेल तर पाच. वाहनाच्या पुस्तिकेत याहून कमी मुदत दिली असेल तर तीच पाळावी.

तारखेखेरीज तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली म्हणजे तडे. ते नुसत्या नजरेला लगेच दिसत नाहीत. नक्षीच्या दोन ठोकळ्यांमधल्या खाचेत टॉर्चचा प्रकाश तिरका पाडावा आणि अंगठ्याने ठोकळा एका बाजूला रेटावा. खाचेच्या तळाशी केसाएवढ्या बारीक रेषा उघडताना दिसल्या तर रबर सुकले आहे असे समजावे. तसेच रिमच्या कडेलगत, जिथे बाजूची भिंत सर्वांत जास्त वाकते, तिथे बोट फिरवून पाहावे. दुसरी गोष्ट कडकपणा. नवा उन्हाळी स्पोर्ट्स टायर कडकपणा मोजण्याच्या मापकावर साधारण ६० ते ७० दाखवतो. हे मापक वापरायला सोपे आहे, पण तापमानाबरोबर आकडा हलतो, म्हणून जुन्या आणि नव्या टायरची तुलना एकाच तापमानाला करावी. मापक नसेल तर नखाने दाबून पाहावे. नख सहज रुतून खूण लगेच भरून येणारे रबर आणि नखाला दाद न देणारे चकचकीत रबर यांतला फरक हाताला कळतो. तिसरी गोष्ट म्हणजे एका जागी उभे राहून पडलेला सपाट चट्टा. काही आठवड्यांत पडलेला चट्टा पंधरा-वीस मिनिटे गाडी चालवून टायर गरम झाला की बहुधा निघून जातो. अर्ध्या तासाच्या चालीनंतरही स्टीअरिंगमध्ये किंवा सीटखाली ठराविक लयीतली थरथर कायम राहिली तर चट्टा कायमचा बसला आहे, आणि कितीही बॅलन्सिंग केले तरी तो जाणार नाही.

गाडी प्रत्यक्षात कशी चालते, हे आधी लिहून काढावे

या पायरीला फाटा देऊन थेट ब्रँडच्या चर्चेत उतरण्याचा मोह होतो आणि बहुतेक चुकीची खरेदी तिथेच होते. गाडी किती वेगाने जाऊ शकते याच्याशी निवडीचा फार थोडा संबंध आहे. आपण ती कोणत्या ऋतूत, कोणत्या वेळी काढतो, बाहेर पडल्यावर पहिले जोरकस वळण किती अंतरावर येते, अचानक पाऊस आला तर गाडी परत आणतो की पुढे जातो, आणि बंदिस्त ट्रॅकवर कधी उतरतो का, हे प्रश्न महत्त्वाचे आहेत. उत्तरे प्रामाणिक असावीत. वर्षातून एकदा ट्रॅकवर जाण्याचा विचार मनात असणे आणि खरोखर जाणे यांत अंतर आहे, आणि टायर त्या विचारासाठी घेऊ नयेत.

क्वचित निघणाऱ्या गाडीची फेरी सहसा लहान असते: सकाळी निघायचे, तीस-चाळीस किलोमीटर फिरायचे आणि परत यायचे. अशा फेरीचा बराच भाग टायर थंड असतानाच संपतो. त्यात चालकही या गाडीला सरावलेला नसतो. रोज वेगळी गाडी चालवणाऱ्या पायाला या गाडीच्या ब्रेकचा आणि ॲक्सिलरेटरचा अंदाज यायला वेळ लागतो. थंड टायर, बिनसरावाचा चालक आणि मागच्या चाकांना मिळणारी भरपूर ताकद हे तीन घटक पहिल्या दहा मिनिटांत एकत्र येतात. म्हणून अशा गाडीचा टायर त्याच दहा मिनिटांसाठी निवडावा. गरम झाल्यावर त्याने एखाद्या वळणावर किती सेकंद वाचवले असते, हा प्रश्न इथे गैरलागू आहे.

टायरचा प्रकार ठरवणे

रस्त्यासाठीच्या स्पोर्ट्स टायरचे ढोबळमानाने चार गट पडतात. पहिला गट उच्च क्षमतेच्या उन्हाळी टायरचा. मिशेलिन पायलट स्पोर्ट ४ एस, कॉन्टिनेन्टल स्पोर्टकॉन्टॅक्ट ७, ब्रिजस्टोन पोटेन्झा स्पोर्ट, पिरेली पी झीरो ही यांतली नावाजलेली नावे आहेत. या टायरना ओल्या रस्त्यावर उत्तम पकड असते, थंड असतानाही ते बऱ्यापैकी धरतात, आणि मर्यादा ओलांडताना अगोदर इशारा देतात, म्हणजे पकड एकदम सुटत नाही. क्वचित चालणाऱ्या बहुसंख्य गाड्यांसाठी हाच गट योग्य आहे, आणि ठोस कारण नसेल तर इथेच थांबावे.

दुसऱ्या गटात ब्रिजस्टोन पोटेन्झा आरई-७१ आरएस किंवा योकोहामा ॲडव्हान निओव्हा एडी ०९ यांसारखे अधिक आक्रमक टायर येतात. कोरड्या रस्त्यावर त्यांची पकड अधिक असते, पण आवाज जास्त, साचलेल्या पाण्यात भरवसा कमी, आणि गरम होईपर्यंत त्यांचे गुण पुरते खुलत नाहीत. तिसरा गट मिशेलिन पायलट स्पोर्ट कप २ किंवा पिरेली ट्रोफेओ आर यांसारख्या, ट्रॅकसाठी बनवलेल्या पण रस्त्यावर परवानगी असलेल्या टायरचा. हे टायर दिसायला मोहक असतात आणि अनेक महागड्या गाड्यांना कारखान्यातूनच बसवलेले येतात. मात्र त्यांची नक्षी उथळ असते, पाणी बाहेर टाकण्याची क्षमता मर्यादित असते आणि थंड असताना ते लाकडासारखे वागतात. शिवाय ट्रॅकच्या टायरचे रबर प्रत्येक वेळी तापून थंड झाले की थोडे-थोडे कडक होत जाते. गाडीला मूळचे असेच टायर होते म्हणून नवेही तेच हवेत असा आग्रह अनेकजण धरतात. गाडी ट्रॅकवर जात नसेल तर, उत्पादकाने त्याच मापात पहिल्या गटातला टायर मान्य केलेला असल्यास, तो घेणे अधिक शहाणपणाचे.

चौथा गट सर्व ऋतूंत चालणाऱ्या उच्च क्षमतेच्या टायरचा. मिशेलिन पायलट स्पोर्ट ऑल सीझन ४ आणि कॉन्टिनेन्टल एक्स्ट्रीमकॉन्टॅक्ट डीडब्ल्यूएस ०६ प्लस ही त्याची उदाहरणे. स्पोर्ट्स कारचे शौकीन या गटाकडे नाक मुरडतात, पण गाडी जिथे चालते तिथे तापमान ७ अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा खाली जात असेल आणि त्या दिवसांतही ती बाहेर काढायची असेल, तर त्यांचा विचार करणे भाग आहे. उन्हाळी टायरचे रबर त्या तापमानाला कडक होऊन पकड सोडते, आणि शून्याच्या बरेच खाली गेल्यावर तर ते वाकवले, नुसती गाडी जागेवरून हलवली, तरी तडकू शकते. थंडीत गाडी झाकूनच ठेवायची असेल तर ही अडचण उरत नाही. फक्त गॅरेज गोठणबिंदूखाली जाणार नाही एवढे पाहावे.

टिकाऊपणाचा आकडा आणि त्याचे खरे मोल

अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या टायरवर झिजेचा एक आकडा छापलेला असतो. पायलट स्पोर्ट ४ एसवर तो ३०० आहे, कप २ वर १८०, तर डीडब्ल्यूएस ०६ प्लसवर ५६०. सुमारे ११,६०० किलोमीटर गाड्यांचा ताफा चालवून, ठरावीक संदर्भ टायरशी तुलना करून हा आकडा काढतात. संदर्भ टायरला १०० मानले जाते. उत्पादक तो स्वतःच जाहीर करतो, त्यामुळे दोन वेगळ्या कंपन्यांचे आकडे समोरासमोर ठेवून निर्णय घेणे धोक्याचे असते.

आता साधा हिशेब करून पाहावा. गाडी वर्षाला २,००० किलोमीटर चालते आणि टायर सहा वर्षांनी वयामुळे काढायचेच आहेत असे धरले, तर ते एकूण १२,००० किलोमीटर चालतील. पहिल्या गटातला कोणताही चांगला टायर सौम्य वापरात एवढे अंतर आरामात काढतो. म्हणजे दुप्पट टिकणाऱ्या टायरसाठी मोजलेले पैसे नक्षीच्या रूपात टायरबरोबरच फेकले जातील. अधिक टिकण्यासाठी रबर सहसा कठीण ठेवावे लागते, आणि ती किंमत पकडीतून वसूल होते. कमी चालणाऱ्या गाडीच्या मालकाला मिळणारी ही एक दुर्मीळ सवलत आहे: टिकाऊपणाची फिकीर सोडून पकड निवडण्याची. तिचा अर्थ बाजारातला सर्वांत मऊ टायर घ्यावा असा मात्र नाही, कारण अतिमऊ टायर वय आणि ताप यांनी लवकर बिघडतात, हे ट्रॅकच्या टायरबाबत वर आलेच आहे.

युरोपीय संघात टायरवर चिकटवलेले लेबल अधिक उपयोगी पडते. मे २०२१ पासून लागू झालेल्या नव्या लेबलवर ओल्या रस्त्यावरील पकड, इंधनाची बचत आणि आवाज यांची माहिती असते आणि पकडीची श्रेणी ए ते ई अशी असते. इंधनाच्या श्रेणीकडे या गाडीपुरते दुर्लक्ष केले तरी चालेल. ओल्या पकडीची श्रेणी मात्र ए असावी, फार तर बी.

माप, भार आणि वेग

गाडीच्या दाराच्या चौकटीवर किंवा पुस्तिकेत दिलेले माप हेच प्रमाण मानावे. गाडीवर सध्या असलेले टायर प्रमाण मानू नयेत, कारण आधीच्या मालकाने स्वतःच्या आवडीने काहीही बसवलेले असू शकते. '२४५/४० झेडआर १८ ९७ वाय' या ओळीत २४५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ४० म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ४० टक्के, झेडआर ही वेगवान रेडियल टायरची खूण, १८ हा इंचांतला रिमचा व्यास, ९७ हा भारांक आणि वाय हे वेगाचे अक्षर. भारांक ९७ म्हणजे एका टायरवर ७३० किलो, तर ९३ म्हणजे ६५० किलो. व्ही म्हणजे ताशी २४०, डब्ल्यू म्हणजे २७० आणि वाय म्हणजे ३०० किलोमीटर. वाय कंसात छापलेला असेल तर टायर ३०० च्या वरच्या वेगासाठी आहे. भारांक आणि वेगाचे अक्षर मूळपेक्षा कमी घेऊ नये. आपण तेवढ्या वेगाने जात नाही हा युक्तिवाद पुरेसा नाही, कारण वेगाच्या अक्षराबरोबर टायरची आतली बांधणी आणि उष्णता सहन करण्याची शक्तीही बदलते.

किंचित रुंद टायर घेण्याचा विचार असेल तर व्यास काढून पाहावा. २४५ चे ४० टक्के म्हणजे ९८, वर-खाली मिळून १९६, आणि त्यात रिमचे ४५७ मिळवले की एकूण व्यास ६५३ मिलिमीटर होतो. त्याऐवजी २५५/४० घेतला तर तो ६६१ होतो. फरक सव्वा टक्क्याचा दिसतो, पण चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत फक्त मागेच हा बदल केला तर पुढच्या-मागच्या चाकांच्या फेऱ्यांचे ठरलेले प्रमाण बिघडते आणि पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटून देणाऱ्या मधल्या क्लचवर किंवा डिफरन्शियलवर सतत ताण येतो. अशा गाडीत चारही टायर एकाच वेळी, एकाच बनावटीचे बदलणे हाच सरळ मार्ग आहे. खरे तर कमी चालणाऱ्या कोणत्याही स्पोर्ट्स कारला तोच नियम लावावा, कारण चौघांचे वय सारखेच झालेले असते.

पुढे आणि मागे वेगळे माप असणे स्पोर्ट्स कारमध्ये नेहमीचे आहे. १९८७ सालच्या फेरारी एफ ४० ला पुढे २४५/४० आणि मागे ३३५/३५ असे १७ इंची टायर होते. अशा गाडीसाठी शोध नेहमी मागच्या मापापासून सुरू करावा, कारण तेच मिळायला अवघड असते. पुढचे दोन आधी घेऊन ठेवले आणि त्याच बनावटीचा मागचा मिळालाच नाही, तर पैसे अडकून पडतात. जुन्या गाड्यांची मापे नेहमीच्या उत्पादनातून गेलेली असतात, पण मिशेलिन आणि पिरेली या कंपन्या जुन्या नक्षीत, नव्या रबराने काही मापे पुन्हा बनवतात. गॅरेजच्या कोपऱ्यात जपून ठेवलेल्या मूळ जोडीपेक्षा असे ताजे टायर केव्हाही बरे.

काही टायरवर वाहन उत्पादकाची खूण असते: पोर्शेसाठी 'एन' आणि पुढे आकडा, बीएमडब्ल्यूसाठी तारा, मर्सिडीजसाठी 'एमओ'. नाव एकच असले तरी खूण असलेल्या टायरची बांधणी किंवा रबर त्या गाडीसाठी वेगळे केलेले असू शकते. खूण असलेला ताजा टायर मिळत असेल तर तो घ्यावा. तो मिळत नसेल किंवा दुकानात बराच काळ पडून राहिलेला असेल, तर त्याच दर्जाचा खूण नसलेला ताजा संच मी पसंत करीन. मात्र खूण असलेले आणि नसलेले टायर, किंवा 'एन०' आणि 'एन१', एकाच गाडीत मिसळू नयेत.

खरेदी करताना तारखेची अट

नीट साठवलेला, न वापरलेला टायर दोन-तीन वर्षांचा असला तरी विक्रेते तो नवाच मानतात, आणि रोज गाडी चालवणाऱ्याला त्याने फारसे बिघडत नाही, कारण तो टायर वयाने मरण्याआधी घासून संपवतो. आपल्या गाडीत मात्र घड्याळ उत्पादनाच्या दिवसापासून चालू झालेले असते. सहा वर्षांच्या आयुष्यातली दोन वर्षे गोदामात गेली, तर टायरचा एक तृतीयांश भाग आपण न वापरताच गमावला. त्यामुळे जुन्या मालावर मिळणारी सूट त्या प्रमाणात आहे का, हे पाहावे. सहा वर्षांच्या हिशेबात दोन वर्षांच्या टायरला एक तृतीयांशाहून कमी सूट म्हणजे तोटाच.

मागणी नोंदवण्याआधी चारही टायरच्या तारखा विचाराव्यात आणि त्या पावतीवर किंवा लेखी निरोपात घ्याव्यात. सहा महिन्यांच्या आतले टायर मागणे अवास्तव नाही, पण दुर्मीळ मापात एक वर्षापर्यंत सवलत द्यावी लागते. टायर दुकानात आले की रिमवर चढवण्यापूर्वीच आकडे स्वतः वाचावेत. एकदा चढवल्यावर परत करणे अवघड जाते. स्वस्त मिळतात म्हणून पुढच्या वेळचा संचही आताच घेऊन ठेवणे हा या गाडीच्या बाबतीत निव्वळ अपव्यय आहे. टायर गाडी बाहेर काढण्याच्या हंगामाच्या तोंडावर घ्यावेत, हंगाम संपताना घेऊ नयेत.

बसवून घेताना

कमी उंचीच्या टायरसाठी आणि रुंद रिमसाठी रिमला धातू न लागू देणारे यंत्र असलेले दुकान निवडावे. गाडी खाली असल्यामुळे जॅक कोठे लावायचा हे पुस्तिकेतून आधीच दाखवून द्यावे. असममित नक्षीच्या टायरवर बाहेरची बाजू लिहिलेली असते आणि दिशादर्शक टायरवर बाण असतो. हे दोन्ही चारही चाकांवर तपासावे. रबरी व्हॉल्व्ह याच वेळी बदलावेत. हवेचा दाब सांगणाऱ्या सेन्सरची बॅटरी पाच ते दहा वर्षे टिकते, म्हणून सेन्सर जुने झाले असतील तर तेही आताच बदलणे परवडते. नाहीतर वर्षभरात टायर पुन्हा उतरवावे लागतात. चाकाचे बोल्ट टॉर्क रेंचने, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने, पुस्तिकेतल्या आकड्यावरच आवळून घ्यावेत. एकाच मोठ्या नटाने बसणाऱ्या चाकांची गोष्टच वेगळी आहे: पोर्शे ९११ जीटी ३ च्या अलीकडच्या पिढ्यांत हा आकडा ६०० न्यूटन-मीटर आहे आणि त्यासाठी खास साधन लागते. शेवटी चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे.

पहिले ३०० किलोमीटर गाडी सौम्यपणे चालवावी. साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या पदार्थाचा अंश नव्या टायरवर राहिलेला असतो आणि पूर्ण उंचीचे नक्षीचे ठोकळे सुरुवातीला जास्त डोलतात. कमी चालणाऱ्या गाडीला हे ३०० किलोमीटर पुरे व्हायला महिना-दोन महिने लागू शकतात, आणि तोवर पहिल्याच पावसात जोर करण्याची हौस आवरावी लागते.

पुढची सहा वर्षे

टायर महिन्याला साधारण एक पीएसआय हवा गमावतो, आणि तापमान १० अंशांनी उतरले की आणखी दीड-दोन पीएसआय उतरतात. तीन महिने उभ्या असलेल्या गाडीचा दाब न पाहता बाहेर पडू नये. दीर्घकाळ उभी करताना दाब थोडा वाढवून ठेवावा, पण बाजूला छापलेल्या कमाल दाबाच्या वर नेऊ नये, आणि निघताना तो पुन्हा नेहमीवर आणण्याचे विसरू नये. गाडी ठोकळ्यांवर उचलून ठेवल्याने सपाट चट्टे टळतात, मात्र सस्पेन्शन लोंबकळत राहते आणि त्याच्या रबरी जोडांवर ताण येतो. त्यापेक्षा चाकाखाली ठेवण्याचे वक्र आधार बरे. महिन्यातून एकदा अर्धा तास गाडी खरोखर चालवणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे, कारण त्याने चट्टेही जातात आणि मेणही पृष्ठभागावर येते. जागेवर इंजिन चालू ठेवण्याने टायरला काहीच मिळत नाही.

टायर साबण आणि पाण्याने धुवावेत. चकाकी आणणारी द्रावणे, विशेषतः पेट्रोलियमवर आधारलेली, संरक्षक मेण धुऊन नेतात. विजेच्या मोटारी आणि वेल्डिंग यांतून ओझोन तयार होतो, म्हणून गॅरेजात कॉम्प्रेसर असेल तर तो गाडीपासून दूर ठेवावा. नायट्रोजन भरल्याने आतून होणारे ऑक्सिडीकरण काहीसे मंदावते, पण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजन असतोच. सहज मिळाला तर भरावा, त्यासाठी खटपट करू नये.

अनेक स्पोर्ट्स कारमध्ये स्टेपनी नसते. तिच्या जागी पंक्चर बुजवणारे द्रावण आणि छोटा पंप असतो. त्या डब्यावर मुदत छापलेली असते आणि ती सहसा टायरच्याही आधी संपते, तेव्हा टायर बदलताना डबाही पाहावा. स्टेपनी असेल तर तिचीही तारीख वाचावी. ती कधीच रस्त्याला लागलेली नसली तरी वयाने तेवढीच असते.

राहता राहिले काढलेले टायर. त्यांची नक्षी खोल असल्यामुळे कोणीतरी ते दुसऱ्या गाडीसाठी मागण्याची, किंवा दुकानातूनच ते पुढे विकले जाण्याची शक्यता असते. ते देऊ नयेत. दुकानदाराला आपल्यासमोर त्यांची बाजूची भिंत कापायला सांगावे आणि मगच ते पुनर्वापरासाठी पाठवावेत.